डावीकडचे खालचे बटण

डमडम, कोलकाता
शनिवार, दुपार

ती. श्यामराव यांना,

मनोहरचा नमस्कार. तो वाकून केला आहे असे समजावे. प्रत्यक्षात खुर्चीत बसूनच केला, कारण एकदा वाकलो की सरळ व्हायला कालिंदीची मदत लागते आणि ती सध्या स्वयंपाकघरात आहे. तुमची प्रकृती कशी आहे? वासंतीवहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो का? आणि तुमच्या कानातला तो शेंगदाणा (तुम्ही त्याला श्रवणयंत्र म्हणता) अजून जेवताना मध्येच शीळ घालतो, की लागले त्याला काही वळण? नाशकात थंडी पडली असेल. आमच्याकडे पारा जरा खाली सरकला की सगळे शहर माकडटोप्या चढवते. मीही चढवतो. हे मुद्दाम सांगतो, कारण या पत्रात पुढे एक माकडटोपी येणार आहे.

तुम्ही जन्मभर बँकेत होतात, म्हणून आधी हिशेब. एका जुन्या घड्याळाचे अडकलेले बटण सोडवायला आलेला खर्च असा: चि. सलीलचा नवा कोरा टूथब्रश (त्याला अजून माहीत नाही), अर्धी बाटली स्पिरिट, कालिंदीची क्रोशाची सुई (टोक वाकले, ते मी उलट बाजूने वाकवून ठेवले आहे), डबाभर तांदूळ, जे पुन्हा निवडावे लागले, आणि शेजारच्या घोषालबाबूंच्या इन्व्हर्टरची चांगली चालती बॅटरी. शिवाय आणखी एक गोष्ट गेली, ती कोणत्या रकान्यात घालावी ते कळेना म्हणून शेवटी ठेवली आहे. जमेला एकच, बटण. पण काय सुटलेय म्हणता! लोण्यात बोट बुडावे तसे आत जाते आणि तसेच बाहेर येते, आणि हे सगळे मागचे झाकण न उघडता. कारखान्यातून आले तेव्हाही ते इतके मऊ नव्हते. मी लिहून देतो, तुम्ही आणि मी असेपर्यंत हे बटण आता अडकत नाही.

घड्याळ तुम्हीच दिलेले. तुमच्या कुठल्याशा मित्राने सिंगापूरहून आणलेले जपानी क्वार्ट्झ, काटेही असलेले आणि खाली आकड्यांची छोटी खिडकीही असलेले, जे तुम्ही लग्नात माझ्या मनगटावर बांधलेत. (सासरेबुवा तेव्हा म्हणाले होते की, एकाच घड्याळात दोन वेळा कशाला, एक चुकली तर भांडण व्हायचे.) चार बटणे. त्यातले डावीकडचे खालचे दाबून धरले की गजर वाजून दाखवतो आणि बोट काढेपर्यंत वाजत राहतो. मांडवातल्या सगळ्या पोरांनी त्या दिवशी ते इतके दाबले की भटजींनी मंत्र थांबवून घड्याळ ताब्यात घेतले, ते तुम्हाला आठवत असेल.

आता तुमची बहीण कालिंदी मला का मिळाली, तेही आठवत असेल. मी म्हणतो कानांमुळे. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत भाड्याचा जनरेटर आणला होता आणि सगळे त्याच्यावर खूश होते. मी, गार्डन रीचच्या एका वर्कशॉपात पंप धुणारा पोरगा, त्याच्यापाशी क्षणभर उभा राहिलो आणि म्हणालो की हा आरतीत बंद पडणार. तो आरतीतच बंद पडला. तुम्ही नुकतेच बदलीवर आलेले साहेब. तुम्हाला वाटले हा मुलगा एक तर ज्योतिषी असावा नाहीतर कारागीर, आणि दोन्ही असला तरी पोटापुरते कमावेल. तुम्ही चौकशी केलीत. माझ्याकडे दाखवायला ना शिक्षण, ना घर, होते ते हे दोन कान. बंगालीसुद्धा मी कानानेच शिकलो. अजून दुकानावरची पाटी वाचता येत नाही, पण दुकानदार आत कोणाला काय म्हणतो ते बाहेरून कळते. वर्कशॉपातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने शिकवलेली युक्ती आजही तीच आहे: लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक चालत्या पंपाच्या बेअरिंगवर टेकवायचे, मूठ कानाजवळच्या हाडावर धरायची, डोळे मिटायचे. पंप स्वतःच सांगतो काय दुखतेय ते. त्या युक्तीवर माझी स्वतःची कंपनी उभी राहिली, सलील इंजिनियर झाला, आणि हा फ्लॅट झाला, ज्याच्या बाल्कनीत तुम्ही मागच्या वेळी डासांना शिव्या देत बसला होतात. (तसे डमडमचे डास हल्ली मुके झालेत. चावतात, पण गुणगुणत नाहीत. फवारणीचा परिणाम असावा असे मी सगळ्यांना सांगत असतो.)

सलील गेले वर्षभर मागे लागला आहे की आपण बेअरिंगची थरथर मोजायचे यंत्र घेऊ. पंपाला लावले की पडद्यावर रेघ येते, रेघ उडी मारायला लागली की बेअरिंग बदलायचे. मी सगळ्या कामगारांसमोर सांगितले होते की माझे दोन कान जागेवर आहेत तोवर आपल्या कंपनीत रेघा येणार नाहीत. आणि येत्या सोमवारी, म्हणजे परवा, इथल्याच एका मोठ्या सोसायटीचा पंप आम्ही दुरुस्त करून सुरू करणार आहोत. चार इमारतींचे पाणी त्या एका पंपावर. सोसायटीचे लोक गोल उभे राहणार, मी स्क्रूड्रायव्हर लावून ऐकणार आणि मान हलवणार; त्या मानेवर सगळी हमी. सलील म्हणतो, बाबा, मान ही काही हमी नसते. मी म्हणतो, तुझे शिक्षण त्या मानेवर झाले.

तर घड्याळ. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी ठरल्या वेळी घ्यायला सांगितली आणि मी ती रोज विसरायला लागलो. कालिंदी म्हणाली फोनवर गजर लावा. फोनला आधीच इतकी कामे आहेत की त्यात माझी गोळी तो कशाला लक्षात ठेवेल, असे म्हणून मी कपाट उपसले आणि तुमचे घड्याळ काढले. बंद होते, आणि डावीकडचे खालचे बटण आत जाऊन बसलेले. मग एस्प्लनेडला गेलो. तिथे फुटपाथवर एक घड्याळवाला काचेची पेटी मांडून बसतो. त्याने नवा सेल घातला, आणि लगेच माझ्याकडे पाहून स्वतःच्या कानाला बोट लावले, मग घड्याळाकडे दाखवले, मग भुवया उडवल्या. मला वाटले विचारतोय, कानाला लावून पाहा, चालते का ते. मी कानाला लावले, प्रसन्न चेहऱ्याने मान हलवली आणि अंगठा दाखवला. तो जरा वेळ बघत राहिला. बटण सोडवायला ठेवून जा म्हणाला, उघडून साफ करावे लागेल. मी म्हणालो, दादा, बटण मी घरी सोडवीन, आयुष्यभर हेच केलेय. त्याने घड्याळ कागदात गुंडाळले, मग आणखी एका कागदात गुंडाळले, मग तिसऱ्या. मला त्याच्या आदराचे कौतुक वाटले.

मेट्रोत मात्र कोलकात्याचे लोक किती अस्वस्थ झालेत ते पाहून वाईट वाटले. मी बसल्यापासून डब्यातला एकेक जण आपापला फोन काढून बघतोय, परत ठेवतोय, पुन्हा काढतोय. समोरच्या मुलीने कानातल्या वायरी काढल्या, हलवल्या, पुन्हा घातल्या. शेजारचे गृहस्थ माझ्यापासून सरकत सरकत थेट दारापर्यंत गेले. डमडमला उतरलो तर सुरक्षा रक्षकाने मला बाजूला घेतले आणि पिशवी उघडायला लावली. इतक्या गर्दीत मलाच का, असा प्रश्न मनात आला, पण कायद्याच्या माणसाशी मी वाद घालत नाही. त्याने तिन्ही कागद सोडवले, घड्याळ पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि ते हळूच परत दिले. मी त्याला सांगितले की असा माल आता मिळत नाही. तो बंगालीत म्हणाला, बरेच आहे म्हणायचे. हे मात्र मी स्पष्ट ऐकले.

घरी येऊन मी शास्त्रशुद्ध तपासणी केली. बटण आत अडकलेय म्हणजे गजर सतत वाजायला हवा. वाजत नाही म्हणजे गजर गेलेला. खात्रीसाठी स्क्रूड्रायव्हरचे टोक घड्याळावर टेकवले, मूठ हाडावर, डोळे मिटले. टिक, टिक, टिक, अगदी स्वच्छ. काट्यांचा पत्ता लागतोय आणि गजराचा नाही, म्हणजे कान ठणठणीत आणि गजर मेला. यात चूक काढून दाखवा.

संध्याकाळी घोषालबाबू आले. आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात, निवृत्त, स्वभावाने भित्रे. विचारायला लागले की मनोहरबाबू, तुमच्या घरात काही वाजतेय का, मला दुपारपासून सारखे वाटतेय की माझा इन्व्हर्टर रडतोय. मी मोठ्या प्रेमाने स्क्रूड्रायव्हर घेऊन त्यांच्याकडे गेलो, इन्व्हर्टर ऐकला आणि सांगितले की बॅटरी जायला लागली आहे. त्यांनी दुसऱ्या दिवशी नवी आणली. तिसऱ्या दिवशी जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले की आवाज बराच कमी झालाय, पण एखादे वेळी अजून वाटते. मी म्हणालो, नवी आहे, रुळेल.

आवाज का कमी झाला होता ते नंतर कळले. पहिल्या रात्रीनंतर सकाळी घड्याळ टेबलावर नव्हते. शोधले तर तांदळाच्या डब्यात, तळाशी, माझ्या माकडटोपीत गुंडाळलेले. कालिंदीला विचारले. म्हणाली, ओल धरली असेल, फोन भिजला की तांदळात ठेवतात ना. मी मनात म्हटले, या बाईला माझ्या कामाची किती काळजी. आणि टोपी कशाला, तर म्हणे तांदूळ आत जाऊ नयेत. मी ते तिथेच राहू दिले. मला हे सगळे पटले, श्यामराव. चाळीस वर्षे यंत्रे कुठे खोटे बोलतात ते ओळखून पैसे मिळवणाऱ्या माणसाला पटले.

आज सकाळी मी टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसलो. बटणाच्या कडेने स्पिरिटचा थेंब सोडायचा, ब्रशने घासायचे, सुईच्या टोकाने फटीतला मळ उकरायचा, पुन्हा थेंब. मळ कसला, माझाच घाम होता, गार्डन रीचपासूनचा, वाळून दगड झालेला. त्यातून कोणता उन्हाळा निघतोय आणि कोणता पंप, असे काहीतरी डोक्यात येत होते. बराच वेळ काही झाले नाही. मग सुई जरा तिरकी धरून उचलले आणि बटण सुटले. मला काही ऐकू आले नाही. बोटाला कळले फक्त. मी ते कोणाला सांगायच्या आधीच, स्वयंपाकघरातून, पाठमोऱ्या उभ्या असलेल्या कालिंदीचा आवाज आला.

"सुटलं वाटतं एकदाचं."

आणि आतल्या खोलीचे दार उघडून सलील बाहेर आला, तोंडाला साबण तसाच. "आई, थांबलं का गं ते?" म्हणाला, आणि मला समोर पाहून पुढचे गिळून टाकले.

माझे कान तिखट आहेत असे मी म्हणतो, ते दोन अर्थांनी. एक आवाज ऐकण्याचे आणि दुसरे, माणूस जे बोलत नाही ते ऐकण्याचे. त्यातला दुसरा अजून शाबूत आहे. मी कालिंदीला बाहेर बोलावले आणि समोरच्या खुर्चीवर बसवले. बटण दाबून धरले. तिच्या पापण्या बारीक मिटल्या. सोडले, उघडल्या. पुन्हा दाबले, मिटल्या. मला काट्यांची टिकटिक ऐकू येत होती, पंख्याची घरघर येत होती, खालून जाणाऱ्या रिक्षाचा भोंगा येत होता. आणि मध्ये जे काही वाजत होते ते मला फक्त माझ्या बायकोच्या चेहऱ्यावर दिसत होते.

"किती दिवस?" मी विचारले.

"घड्याळ आणलंत तेव्हापासून वाजतंय."

"मी घड्याळाचं विचारत नाहीये."

तिने पदराला हात पुसले. ते कोरडेच होते. म्हणाली, "दोन पावसाळे झाले असतील. दाराची बेल वाजली की मीच उठते, लक्षात नाही आलं तुमच्या?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगणारच होते. दादाच्या यंत्राला तुम्ही शेंगदाणा म्हणालात ना, जेवताना सगळ्यांसमोर, त्याच रात्री."

सलील टॉवेलने तोंड पुसत उभा होता, साबण केव्हाच संपला होता तरी पुसत होता. गेल्या काही कामांत मी मान हलवून आलो की दुसऱ्या दिवशी हा त्याच पंपावर जायचा, सही आणायची राहिली म्हणून. मी त्याला विचारले, मिळाल्या का रे सगळ्या सह्या? तो घड्याळाकडे बघत म्हणाला, "दोन ठिकाणी बेअरिंग बदलावं लागलं, बाबा." मग लगेच, "बाकी सगळे ठीक होते."

तुम्हाला यंत्रातले कळत नाही म्हणून सांगतो. बेअरिंग मरायच्या आधी घरघरत नाही. घरघर म्हणजे शेवट. ती मला येते ऐकू. सुरुवातीला ते अगदी बारीक, उंच आवाजात कुरकुरते, जेमतेम सुईएवढे, आणि तेवढ्यात ज्याने ऐकले त्याचाच पंप वाचतो. माझे सगळे नाव त्या सुईवर झाले. ती सुई माझ्या कानातून कधी गळली ते मला कळले नाही, कारण जो आवाज येत नाही तो येत नाही हे कानाला कसे कळावे? डास मुके झाले म्हणून मी फवारणीची स्तुती करत राहिलो. चिमण्या गेल्या म्हणून चहाच्या टपरीवर भाषण दिले. सकाळी बाल्कनीत त्या असतात, कालिंदी सांगते, कुंडीतच असतात.

तो शेवटचा रकाना तुम्हाला आता भरता येईल.

परवा सोमवारी मी जाणार आहे. लांब स्क्रूड्रायव्हर नेणार, टोक मीच बेअरिंगवर धरणार, पण मूठ सलीलच्या कानाजवळ देणार. डोळे मिटून ऐकायला त्याला आत्तापर्यंत मी कधी शिकवलेच नाही. तो रेघा मागत राहिला आणि मी मान हलवत राहिलो. रेघांचे यंत्रही आण म्हटले, पण ते यायच्या आधी तुझे कान तरी लावून बघ. तो आत गेला, आणि बाहेर येऊन स्क्रूड्रायव्हर कुठे ठेवलाय विचारले. घोषालबाबूंकडे मात्र आज संध्याकाळी जाऊन बॅटरीचे काय ते खरे सांगावे लागेल. ते रागावणार नाहीत, आणि त्याचाच मला जास्त त्रास होईल.

बाकी सगळे क्षेम. आजची गोळी वेळेवर घेतली. गजर झाला तशी कालिंदीने आतून हाक मारली. म्हणजे गजराचे काम झालेच म्हणायचे, जरा लांबच्या रस्त्याने. वहिनींना नमस्कार, आणि तुम्हाला पुन्हा एकदा, या वेळी खरेच वाकून.

तुमचा
मनोहर

ता. क. हे सगळे फोनवर सांगता आले असते असे तुम्हाला वाटेल. पण फोनवर तुम्ही "काय?" म्हणणार, मी "काय?" म्हणणार, आणि दोन्हीकडचे कालिंदी ऐकणार. म्हणून पत्र, आणि त्यातले खरे काम आत्ता सांगतो. तुमच्या कानातले ते यंत्र ज्यांनी बसवले त्यांचे नाव-पत्ता कळवा, आणि इकडे कोलकात्यात त्यांच्या ओळखीचे कोणी असेल तर तेही. बारीक, उंच आवाज त्यातून खरेच येतो का? माकडटोपीखाली राहते का? पहिल्या दिवशी कसे वाटले, हेही लिहा, लाजू नका. मीही आता कोणाला लाजण्याच्या स्थितीत नाही. शेंगदाणा हा शब्द मागे घेतला आहे.

दु. ता. क. उत्तर पाकिटातून पाठवा, कार्ड नको. मी विचारले हे कालिंदीला कळता कामा नये. तिला मी सांगितले आहे की विचार करतो.

ति. ता. क. कागद उडू नयेत म्हणून शेवटच्या पानावर घड्याळ ठेवून मी पाकिटाला गोंद लावत होतो. मान वर केली तर कालिंदी स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे आणि सलील त्याच्या खोलीच्या, आणि दोघेही घड्याळाकडे बघताहेत. बटण पुन्हा अडकले आहे.